वाट बघण्याचा पगार

(उरणच्या अभ्यासवर्गातलं भाषण. बोललो तसंच उतरवून काढलंय. शिव्या तेवढ्या संपादकांनी गाळायला लावल्या.)



मला इंग्रजीवर बोलायला उभं केलंय हाच पहिला विनोद. दहावीला इंग्रजीत मला पस्तीस पडले, तेही दुसऱ्या खेपेला. मी न्हावा-शेव्याला लॅशिंगला आहे. जहाजावर चढायचं, कंटेनरला लावलेले लोखंडी रॉड सोडायचे नाहीतर आवळायचे, उतरायचं. कविता करतो, त्याचे पैसे कोणी देत नाही. तेव्हा इंग्रजी कसं शिकवावं ते मी सांगणार नाही. इंग्रजी शिकवणाऱ्या पोरीच्या हातात महिन्याच्या शेवटाला काय पडतं, तेवढंच सांगणार आहे. तो हिशेब आहे, आणि हिशेब मला येतो. ठेकेदाराकडं काम करणाऱ्याला यावाच लागतो.

मागच्या बैठकीत आपला एक मित्र म्हणाला, "घरात पंख्याखाली बसून मोबाइलवर पोरांना ए फॉर ॲपल म्हणायचं आणि पैसे घ्यायचे. ही पांढरपेशांची कामं. यात कसलं आलंय शोषण? आपली माणसं गटारात मरतायत." गटारात मरतायत हे खरंच आहे, आणि त्यावर आपण गप्प बसणार नाहीच. पण त्या दिवशी मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण तोवर मलाही तसंच वाटत होतं. घरी बहीण संध्याकाळी कानाला हेडफोन लावून हसत बोलायची, मी पाळी करून आलेलो असायचो, अंगाला ग्रीस, आणि मनात यायचं, हिचं बरंय. मग एक दिवस तिची वही बघितली.

बहीण बी.ए. आहे, इंग्रजी घेऊन. आमच्या घरातली पहिली. बी.एड.ला पैसे नव्हते. मग एका कंपनीत ऑनलाइन शिकवायला लागली. कंपनीचं नाव घेत नाही, तिनं हात जोडून सांगितलंय. पुण्या-बेंगळुरूची पोरं, आखाती देशातल्या आपल्याच लोकांची पोरं, वय सहा ते बारा. चाळीस मिनिटांचा एक वर्ग, वर्गाला एकशेवीस रुपये. ऐकायला वाईट नाही. तासाचे एकशेऐंशी म्हणून आम्ही घरात पेढे वाटले.

आता वहीतला एक महिना ऐका. तिनं स्लॉट उघडले एकशेबत्तीस. स्लॉट उघडायचा म्हणजे आठवडाभर आधी कंपनीला सांगायचं की ह्या वेळेला मी मोकळी आहे, तयार आहे, दुसरं काही करणार नाही. प्रत्येक स्लॉट पंचेचाळीस मिनिटांचा, पाच मिनिटं आधी येऊन बसायचं म्हणून. त्या एकशेबत्तीसातले भरले एक्याण्णव. उरलेले एकेचाळीस कोरे. त्याचे पैसे शून्य. भरलेल्या एक्याण्णवातले अकरा होते डेमो. डेमो म्हणजे गिऱ्हाईकाला चव दाखवायची. आईबापांनी पुढं फी भरली तरच त्या वर्गाचे पैसे. त्या महिन्यात अकरापैकी एकानंही भरली नाही. नऊ वेळा पोरगं आलंच नाही. पोरगं आलं नाही तरी कॅमेरा चालू ठेवून पूर्ण वेळ हसऱ्या तोंडानं बसायचं, त्याचे तीस रुपये. खरे वर्ग झाले एकाहत्तर.

एकाहत्तर गुणिले एकशेवीस, आठ हजार पाचशेवीस. नऊ गैरहजर पोरांचे दोनशेसत्तर. तीनदा लाइट गेली, नेट तुटलं, तीनदा शंभर दंड. राहिले आठ हजार चारशेनव्वद. त्यावर दहा टक्के कर आधीच कापून घेतला. का? तर ती कामगार नाही, "व्यावसायिक" आहे, डॉक्टर-वकिलासारखी. वर्षाची कमाई कराच्या जवळपाससुद्धा जात नाही, पण ते आठशेएकोणपन्नास परत मिळवायला रिटर्न भरायचं, रिटर्न भरायला पनवेलच्या माणसाला पाचशे द्यायचे. हातात सात हजार सहाशेएकेचाळीस. त्यातनं नेटचे सातशे. लॅपटॉपच्या हप्त्याचे एकवीसशे. लॅपटॉप तिचा, नेट तिचं, टेबल तिचं, खोली आमची, दिवा आमचा. कंपनीचं काय? कंपनीचा फक्त नियम.

एकशेबत्तीस स्लॉटचे नव्व्याण्णव तास होतात. प्रत्येक झालेल्या वर्गावर पालकांसाठी अहवाल लिहायचा, दहा-दहा मिनिटं, त्याचे बारा. म्हणजे एकशेअकरा तास, तयारीचा वेळ सोडून. नेटचे पैसे वजा करून भागाकार केला तर तासाला बासष्ट रुपये येतात. लॅपटॉपचा हप्ता त्यात धरलेलाच नाही. एका पोराच्या आईनं बोलता बोलता सांगितलं होतं, आम्हाला वर्ग पाचशेच्या वर पडतो.

मित्रांनो, ह्या सगळ्यात मला सगळ्यात जास्त कुठला आकडा टोचला? एकशेवीस नाही. तो एकेचाळीस. एकेचाळीस वेळा माझी बहीण केस विंचरून, तोंड धुऊन, आईला चूल लांब घ्यायला सांगून कॅमेऱ्यासमोर बसली आणि कोणी आलं नाही. आणि ते "काम" नव्हे असं कंपनीचं म्हणणं.

हे वाट बघणं गोदीच्या माणसाला शिकवायला नको. माझा आजा मुंबईच्या गोदीत होता. त्याच्या आधीच्या पिढीची माणसं पहाटे गोदीच्या गेटवर उभी राहायची. टोळीवाला यायचा, बोट दाखवायचा, तू, तू आणि तू. ज्याच्यावर बोट नाही तो घरी. जहाज आलं तर पोट, नाही आलं तर पाणी. बोट कोणावर पडायचं ते टोळीवाल्याला दारू कोण पाजतो, त्याच्या गावचा कोण, जातीचा कोण, ह्यावर. त्याविरुद्ध गोदी कामगार लढले. आज ज्यांच्या नावाचा रस्ता गोदीला लागून जातो त्या पी. डिमेलोंसारखे पुढारी त्या लढ्यातूनच उभे राहिले. १९४८ साली गोदी कामगार रोजगार नियमन कायदा झाला. त्यातलं एक कलम आपण पाठ करावं असं आहे. कामगाराची नोंदणी झालेली आहे, तो कामाला हजर आहे, तयार आहे, पण काम नाही, तर त्या दिवसासाठीसुद्धा त्याला किमान पगार मिळेल अशी योजना करता येईल. त्या कायद्याखाली बोर्डं झाली, योजना झाल्या. आजा म्हणायचा, "आज जहाज नव्हतं, हजेरीवर बसलो." हजेरीवर बसणं ह्याचे पैसे होते! वाट बघणं हे काम आहे, हे कायद्यानं मान्य केलं होतं, अठ्ठेचाळीस साली. आणि ते मान्य करायला लावणारी माणसं अंगठेबहाद्दर होती, बी.ए. नव्हती.

मग काय झालं? कंटेनर आला. एका पेटीत शंभर माणसांचं काम मावलं. १९८४च्या जानेवारीत याच उरणच्या मातीत जमिनीसाठी पाच माणसं पोलिसांच्या गोळीनं पडली. १९८९ साली त्याच जमिनीवरचं बंदर सुरू झालं. १९९७ साली मोठ्या बंदरांना तो अठ्ठेचाळीसचा कायदा लागू न करण्याची सोय करणारा वेगळा कायदा झाला. आणि आज मी लॅशिंगला आहे तो ठेकेदाराकडं. जहाजाला उशीर झाला की फोन येतो, आज नको, उद्या बघू. आजाला हजेरी होती, नातवाला फोन आहे. म्हणून बहिणीची वही बघितल्यावर मला ती लगेच कळली. टोळीवाला मेलेला नाही. तो तिच्या मोबाइलमध्ये जाऊन बसलाय आणि आता बोटाऐवजी तारे दाखवतो. पालकांनी पाचातले चारच तारे दिले की पुढच्या आठवड्यात स्लॉट भरत नाहीत. का ते कोणी सांगत नाही. टोळीवाल्याच्या निदान तोंडाला वास यायचा, माणूस आहे एवढं तरी कळायचं.

२०२० सालची गोष्ट. मुरूडची एक मुलगी, बहिणीबरोबर कॉलेजला होती. लॉकडाऊनमध्ये अशाच कामाला लागली. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. तुम्ही इथले आहात, मी काय सांगायचं. घरांवरचे पत्रे, सुपारीच्या बागा, विजेचे खांब, सगळं आडवं. किनाऱ्यावरच्या गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. ही पोरगी कंपनीला कळवणार कशावरून? वीज आली तेव्हा मेसेज येऊन पडला होता, सूचना न देता गैरहजर म्हणून तुमचं खातं बंद. आभाळ फाटलं ती सूचना पुरली नाही.

आता कोणी म्हणेल, मग कोर्टात जा. जाऊया. तिथंही आपल्यासाठी एक गंमत करून ठेवलेली आहे. गोव्यातली एक शाळामास्तरीण, ए. सुंदरंबल. १९७५ साली तिला शाळेनं नोकरीवरून काढलं. ती औद्योगिक विवाद कायद्याखाली भांडत भांडत सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. १९८८ साली कोर्टानं सांगितलं की शाळा हा उद्योग आहे, पण शिक्षक हा कामगार नाही. कारण शिकवणं हे अंगमेहनतीचं, कारकुनीचं, तांत्रिक किंवा देखरेखीचं काम नव्हे, ते थोर कार्य आहे. शाळा उद्योग, आणि त्यात राबणारी मात्र ऋषीमुनी!

आपल्या महाराष्ट्रात खासगी शाळांतल्या शिक्षकांना १९७७चा सेवाशर्तींचा कायदा आहे, न्यायाधिकरण आहे. पण ते मान्यताप्राप्त शाळेला. मोबाइलमधली कंपनी शाळा नाही. म्हणजे बघा, शाळा नाही म्हणून शाळेचा कायदा नाही. शिक्षक आहे म्हणून कामगाराचा कायदा नाही. आणि करारावर "भागीदार" लिहिलंय म्हणून नोकराचाही नाही. भागीदार! नफ्यात भाग मागा बरं एकदा.

थोरपणाचं हे जाळं जुनं आहे. जिथं पगार द्यायचा नसतो तिथं मराठीत शब्द सापडतो: मानधन. अंगणवाडीच्या बाईला पगार नाही, मानधन. २००० साली सरकारनं मास्तर स्वस्तात घ्यायचे ठरवले तेव्हा नाव दिलं शिक्षण सेवक, आणि प्राथमिकला महिना तीन हजार. वाढून वाढून २०२३ साली ते सोळा हजार झालं. सेवा कोणी करायची, हे आम्हाला दोन हजार वर्षांपासून माहीत आहे. ज्याला मान द्यायचा नसतो त्यालाच मानधन देतात असं मी एका कवितेत लिहिलं होतं, ती कोणी छापली नाही, ते जाऊ द्या.

पण कायदा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. ग्रॅच्युइटीचंच बघा. २००४ साली सुप्रीम कोर्टानं शिक्षकांना ग्रॅच्युइटीच्या कायद्यातलं कर्मचारी मानायला नकार दिला. शिक्षक गप्प बसले नाहीत. २००९ साली संसदेनं व्याख्याच बदलली, तीही १९९७पासून मागं जाऊन. खासगी शाळांचे मालक त्याविरुद्ध कोर्टात गेले आणि २०२२ साली हरले. तेव्हा "शिक्षक कामगार नाही" हे कोणी वेदवाक्यासारखं सांगायला लागलं तर वेदांचं आपण काय केलं ते त्याला सांगा.

आता तोंडाबद्दल बोलतो. मुंबईच्या गिरण्यांत विणकर खात्यात पगार चांगला होता. तिथं आपल्या माणसाला घेत नव्हते, कारण धाग्याचं टोक तोंडानं ओढावं लागे, आणि अस्पृश्याची थुंकी लागलेला धागा शेजारच्या मागवाल्याला चालत नव्हता. कम्युनिस्टांच्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न तोंडावर विचारला होता. पुढं १९३८च्या फेब्रुवारीत मनमाडला, रेल्वेतल्या आपल्या कामगारांपुढं, त्यांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपल्यातले काही जण एक धरतात आणि दुसरा सोडतात. बहिणीच्या कंपनीत दोघं एका खुर्चीत बसलेत. तिथं उच्चाराच्या तीन प्रती आहेत. पहिल्या प्रतीला वर्गाला एकशेऐंशी, दुसरीला एकशेवीस, तिसरीला नव्वद. पहिली प्रत कोणाची? लहानपणापासून कॉन्व्हेंटात गेलेल्यांची, ज्यांच्या घरात आजोबाच इंग्रजी पेपर वाचत होते त्यांची. बहिणीचं व्याकरण पक्कं, स्पेलिंग चुकत नाही, तिच्या हाताखालची पोरं वाचायला लागली. पण बोलताना गाव येतं म्हणे. तेव्हा थुंकी चालत नव्हती, आता उच्चार चालत नाही. तोंड तेच.

आणि हे जगभर आहे, फक्त आपल्याला चुनाभट्टीपर्यंतच दिसतं. चिनी पोरांना इंग्रजी शिकवणारी व्हीआयपीकिड नावाची कंपनी होती. तिला अमेरिका-कॅनडाचेच शिक्षक चालायचे, तासाला चौदा ते बावीस डॉलर. फिफ्टीवनटॉक नावाची दुसरी कंपनी फिलिपीन्सच्या बायकांकडून तेच काम कितीतरी कमी पैशात करून घ्यायची. म्हणजे पगार शिकवण्याचा नव्हता, पासपोर्टचा होता. पण २०२१च्या जुलैत चीन सरकारनं शिकवण्यांवर बंदी घातली, परदेशातून शिकवणं बंद केलं, आणि गोऱ्या पासपोर्टवालेही एका रात्रीत बसले. तेही "भागीदार"च होते. आपल्याकडं बायजूजनं २०२०च्या ऑगस्टमध्ये व्हाइटहॅट ज्युनियर तीस कोटी डॉलरला घेतली. २०२२मध्ये बायजूजची किंमत बावीस अब्ज डॉलर सांगत होते, त्याच वर्षी अडीच हजार माणसं काढायची घोषणा केली, आणि २०२४च्या जुलैत कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात. अब्ज आले कुठून, गेले कुठं, हे हिशेब आमच्या वहीत मावत नाहीत.

एक घरची गोष्ट सांगू का नको असं चाललं होतं. सांगतो. कंपनीचा नियम, पाठीमागची भिंत कोरी हवी. आमची एक खोली. जी भिंत उजेडाची, तिच्यावर बाबासाहेबांचा फोटो. एक दिवस मी पाळीवरून लवकर आलो तर फोटोवर चादर. माझं डोकं फिरलं. वर्ग चालू होता म्हणून गप्प बसलो, संपल्यावर ओरडलो. म्हटलं, चार पैशांसाठी बापाला झाकतेस? ती रडली-बिडली नाही. म्हणाली, "दादा, तू कंटेनरवर चढतोस तेव्हा निळा झेंडा घेऊन चढतोस काय? हेल्मेट घाल म्हणतात ते घालतोस ना?" मी म्हटलं, हेल्मेट वेगळं. ती म्हणाली, "पडद्यावर माझं आडनावसुद्धा नाही. नुसतं पहिलं नाव. मला वाटलं होतं, बरं झालं, सुटले. तर डेमोला एक बाई विचारते, टीचर, तुमचं पूर्ण नाव काय? कुठल्या तुम्ही? मी सांगितलं. त्या बाईनं फी भरली नाही. आता तिनं नावामुळं भरली नाही का पैसे नव्हते म्हणून, हे मी कुणाला विचारू?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. पाच ते नऊ चादर असते, नऊला आई ती काढते. तुमच्यातल्या कोणाला हे पटत नसेल तर घरी या, तिच्याशी बोला. माझ्याशी नको.

आता काय मागायचं? २१ नोव्हेंबर २०२५ला चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेत प्लॅटफॉर्म कामगार हा शब्द आलाय. कंपन्यांनी वर्षाच्या उलाढालीचा एक ते दोन टक्के वाटा निधीत भरायचा, पण कामगारांना देण्याच्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या वर नाही. परिशिष्टात टॅक्सी आहे, खाण्याचं पार्सल आहे, मालवाहतूक आहे, दवाखाना आहे. शिकवणं नावानं नाही, शेवटी "इतर कोणतीही सेवा" आहे, त्यात बसवायला भांडावं लागेल. नोंदणी करा, सोडू नका. पण समजून करा. तो निधी विम्याचा, म्हातारपणाचा. एकेचाळीस कोऱ्या स्लॉटांचा त्यात एक रुपया नाही.

मला विचाराल तर नमुना दिल्लीत नाही, वाशीच्या मार्केटात आहे. १९६९चा माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटलांच्या युनियननं तो पदरात पाडून घेतला. हमालाचा मालक एक नसतो, आज हा गाळा, उद्या तो. म्हणून मालकांची नोंदणी, कामगारांची नोंदणी, मजुरी बोर्डाकडं भरायची, वर लेव्ही भरायची, आणि बोर्ड कामगाराला देणार. मुकादमाच्या हातात पैसा नाही. २०२३ साली राजस्थाननं प्लॅटफॉर्म कामगारांसाठी कायदा केला, त्यात दर व्यवहारावर वर्गणीची कल्पना आहे. ती आपल्या माथाड्यांच्या फार जवळची आहे. पाठीवर पोतं वाहणाऱ्याला जे मिळालं ते जिभेवर भाषा वाहणारीला का नको? शिक्षकांचं बोर्ड, उघडलेल्या स्लॉटला किमान हजेरी, डेमोचे पूर्ण पैसे, आणि खातं बंद करायचं तर कारण लेखी. एवढंच. मी क्रांती मागत नाहीये, आजाला होतं ते मागतोय.

बहिणीनं आणि उरण, पनवेल, पेणच्या आठ जणींनी एक गोष्ट केली. एकमेकींना आपापला दर सांगितला. करारात लिहिलंय, सांगायचा नाही. त्यांनी सांगितला. एकाच कंपनीत, एकाच वयाच्या पोरांना शिकवणाऱ्या नऊ जणींचे चार वेगळे दर निघाले. मग कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. त्यातल्या एकीचे स्लॉट तेव्हापासून भरत नाहीत. ती इथं मागं बसलीय, बोलायचं की नाही ते ती ठरवेल.

बहीण आज आली नाही. पाच वाजलेत, तिचा स्लॉट उघडा आहे.

ही वही आता फिरवतोय. जी जी पोरं-पोरी असं काम करतात त्यांनी नाव घालू नका, फक्त तीन आकडे लिहा: महिन्यात किती वेळा येऊन बसलात, किती वेळा शिकवलंत, हातात किती आले. पेन दोरीला बांधलंय, नेऊ नका. प्रश्न असतील तर विचारा, मला साडेसहाची पाळी आहे.